उतारवयात घर गळू लागले तर: म्हैसूरमधील ज्येष्ठांसाठी दुरुस्ती, मदत आणि योजना

घराची गळती थांबवण्यासाठी थेट पैसे देणारी योजना केंद्र सरकारची नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण "घरदुरुस्तीचे अनुदान मिळवून देतो" म्हणून अर्जाचे पैसे मागणारी माणसे वयस्कर लोकांच्याच दारात जास्त येतात. प्रधानमंत्री आवास योजनेचे (शहरी) नावही त्यासाठी पुढे केले जाते. मात्र ही योजना ज्यांचे देशात कुठेही पक्के घर नाही त्यांच्यासाठी आहे. लक्ष्मीपुरम् किंवा अग्रहारातल्या तुमच्या स्वतःच्या जुन्या घराचे छत त्यातून दुरुस्त होणार नाही.

तरीही काही मार्ग आहेत. काही वीजबिलाशी, काही पावसाच्या नुकसानभरपाईशी, काही कायद्याशी जोडलेले आहेत. त्यांचा उपयोग होण्यासाठी गळती नेमकी कुठे आहे हे आधी कळायला हवे.

गळती शोधणे

रात्री झोपण्यापूर्वी घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि सकाळी कोणीही नळ उघडण्याआधी तो पुन्हा पाहा. आकडा पुढे सरकला असेल तर मीटरनंतर कुठेतरी पाणी जात आहे. बऱ्याचदा दोषी असते ती फ्लशची टाकी. तिच्या पाण्यात खाण्याचा थोडा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीचे रबर गेले असे समजा.

ठिबकणाऱ्या नळाखाली लिटरचे माप ठेवून पाहा. ते तासाभरात भरत असेल तर दिवसाला 24 लिटर आणि वर्षाला 8,760 लिटर पाणी वाया जाते. जुन्या पद्धतीच्या नळात बहुधा फक्त वायसर बदलावा लागतो. तो काही रुपयांत मिळतो, प्लंबरची मजुरी त्याहून कितीतरी जास्त. म्हणून प्लंबर आलाच आहे तर घरातले सगळे नळ एकदम दाखवा. सांधे दुखत असतील तर गोल चावीऐवजी दांडीचा नळ बसवून घ्या. तो मनगटाच्या धक्क्यानेही बंद होतो. अर्धवट बंद राहिलेला नळ हीसुद्धा गळतीच आहे, आणि बोटांतली ताकद कमी झाली की ती रोज होते.

पाणी रस्त्यावरच्या वाहिनीतून जात असेल तर खर्च तुमचा नाही. म्हैसूर महानगरपालिकेचा पाणीपुरवठा वाणी विलास वॉटर वर्क्समार्फत होतो, तक्रार तिथे द्यावी. दाद लागली नाही तर राज्य शासनाची जनस्पंदन हेल्पलाइन 1902 आहे. तक्रार क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

गळती आणि गृहज्योती

कर्नाटक शासनाच्या गृहज्योती योजनेत घरगुती ग्राहकाला महिन्याला कमाल 200 युनिटपर्यंत वीज मोफत मिळते. पण प्रत्येकाला सरसकट 200 युनिट मिळत नाहीत. 2022-23 या वर्षातला तुमचा मासिक सरासरी वापर आणि त्यावर 10 टक्के एवढीच तुमची मर्यादा. (सरासरी 48 युनिटांपेक्षा कमी असणाऱ्यांना 10 टक्क्यांऐवजी 10 युनिट वाढवून मिळतात.) मर्यादेच्या वरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात, आणि वापर 200 च्या वर गेला तर संपूर्ण बिल.

आता गच्चीवरची टाकी झिरपते किंवा फ्लश वाहतो आहे असे समजा. त्यामुळे एक हॉर्सपॉवरची मोटर रोज अर्धा तास जास्त चालली तर महिन्याला 15 तास होतात, म्हणजे सुमारे 11 युनिट. तुमची सरासरी 90 असेल तर वरची सवलत फक्त 9 युनिटांची आहे. ती या एका गळतीत संपते. शून्याचे बिल अचानक पैसे दाखवू लागले तर वीज कंपनीशी बोलण्याआधी टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह तपासा. सगळे ठीक असूनही बिल वाढले तर चामुंडेश्वरी वीजपुरवठा निगमचा (सेस्क) क्रमांक 1912 आहे.

भिंतीतली ओल स्विचबोर्डापर्यंत आली असेल तर मात्र कोणत्याही फोनच्या आधी मेन स्विच बंद करा. ओल्या हाताने किंवा ओल्या फरशीवर उभे राहून बोर्डाला हात लावू नका. इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा घरात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते विचारा. जुन्या घरांत तो बहुधा नसतो, आणि विजेच्या धक्क्यातून वाचवतो तो हाच.

छप्पर: म्हैसूरचे वेळापत्रक वेगळे आहे

कोकणातून किंवा देशावरून इथे आलेल्या कुटुंबांत "मेअखेर घर शाकारून घ्यायचे" ही सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. म्हैसूरला ती उपयोगाची नाही. हे शहर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेच्या बाजूला आहे. इथे वळवाचा पाऊस एप्रिल-मेमध्येच जोर धरतो, जून-जुलैत रिमझिम असते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा मोठा पाऊस येतो. त्यामुळे छताचे काम डिसेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांत उरकावे. मेमध्ये बोलावलेला गवंडी ताडपत्री घालून निघून जातो.

कौलारू घर असेल तर तुलनेने सोपे आहे. मंगळुरी कौले एकात एक अडकतात, म्हणून फुटलेले एकच कौल काढून नवे घालता येते. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून ही कौले दक्षिणेत पसरली, पण सगळ्या कारखान्यांचे साचे सारखे नाहीत. बदलायचे कौल नमुना म्हणून बरोबर द्या, नाहीतर आणलेले बसत नाही. अनेकदा कौल शाबूत असते आणि पाणी पन्हळीत साचलेल्या पाल्यामुळे उलटे आत येते.

जुन्या म्हैसूरमधल्या बऱ्याच घरांना मद्रास टेरेस पद्धतीचे छत आहे: लाकडी वाशांवर उभ्या विटा चुन्यात बसवलेल्या, वर चुन्याचा थर. अशा छतावर सिमेंटचा जाड थर द्यायला गवंडी लगेच तयार होतो, कारण त्याला तेच येते. ते करू देऊ नका. सिमेंट चुन्याबरोबर हलत नाही, त्याला भेग पडते, आत गेलेले पाणी बाहेर पडू शकत नाही आणि वासे आतून कुजतात. वरून सगळे कोरडे दिसत राहते. चुन्याचे काम जाणणारा माणूस शोधायला महिना गेला तरी चालेल.

छताला झोळ आला आहे, वाशावर टोकदार वस्तू सहज आत जाते आहे किंवा भिंतीतली भेग रुंदावते आहे, असे काही दिसले तर गवंडी नको, स्थापत्य अभियंता बोलवा आणि त्या खोलीत झोपणे थांबवा. ऑगस्ट 2012 मध्ये म्हैसूरच्या लॅन्सडाउन इमारतीचा भाग कोसळून चार जणांचा मृत्यू झाला, 2016 च्या ऑगस्टमध्ये देवराज मार्केटचा भाग पडला. जुने बांधकाम दणकट असतेच असे नाही.

आणि शिडीवर स्वतः चढू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पडून होणारे सर्वाधिक मृत्यू साठीपुढच्या लोकांत आहेत. खुब्याच्या एका शस्त्रक्रियेच्या खर्चात कितीतरी कौले येतात.

पावसात भिंत पडली तर

गळतीला भरपाई नसली तरी पडझडीला आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-26 या काळाच्या निकषांत पूर्ण किंवा गंभीर नुकसान झालेल्या घरासाठी सपाट प्रदेशात 1,20,000 रुपये आहेत. किमान 15 टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपये. रक्कम लहान आहे हे खरे, पण ती मागायला हवी. बांधकाम अधिकृत असणे ही अट आहे, म्हणून मालमत्ता कराची पावती व खाते उतारा हाताशी ठेवा. तहसीलदार कार्यालयाला त्याच दिवशी कळवा आणि पंचनामा होईपर्यंत राडारोडा हलवू नका. हलवावाच लागला तर आधी चारही बाजूंनी फोटो काढा. स्वच्छतेची सवय असलेली माणसे इथेच नुकसान करून घेतात.

पैसे कुठून आणायचे

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले खाते मोडण्याचा विचार शेवटी ठेवा. एका वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केल्यास ठेवीच्या 1.5 टक्के, त्यानंतर 1 टक्का कापला जातो. बँकेत साधी मुदत ठेव असेल तर तिच्या तारणावर ओव्हरड्राफ्ट मिळतो का ते आधी विचारा.

संपूर्ण छपराइतका मोठा खर्च असेल आणि घर स्वतःच्या नावावर असेल तर उलट गहाण कर्ज आहे. वय किमान 60 हवे. घरात राहता तोवर हप्ता फेडावा लागत नाही आणि घराची दुरुस्ती हा या कर्जाचा मान्य उपयोग आहे. मात्र एक अडचण आहे. घराचे पुढचे आयुष्य किमान 20 वर्षे असावे अशी अट असते, तेव्हा फार खालावलेले घर मूल्यांकनातच नापास होऊ शकते. शिवाय कर्ज घेतल्यावर घराची निगा, विमा आणि कर यांत कसूर झाली तर बँक कर्ज परत मागू शकते. चाळीस-पन्नास हजारांच्या कामासाठी या वाटेला जाऊ नये असे आमचे मत आहे.

कामाचे पैसे टप्प्याटप्प्याने आणि शक्यतो बँकेतून द्या. काय करायचे, कोणत्या मालाने, किती दिवसांत, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. आगाऊ रक्कम घेऊन कंत्राटदार गेला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते.

भाड्याच्या घरात राहत असाल तर मालकाला लेखी कळवा, प्रत ठेवा. जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करण्याची तरतूद मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 मध्ये आहे. आधी करारनामा वाचा. त्यात वेगळे ठरलेले असू शकते.

मुलांकडे विषय काढणे सर्वांत जड जाते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, औषधोपचार यांबरोबर निवासही आहे. अर्ज उपविभागाच्या सहायक आयुक्तांपुढील न्यायाधिकरणाकडे करायचा असतो आणि दरमहा 10,000 रुपयांपर्यंतचा आदेश होऊ शकतो. देखभालीच्या अटीवर घर बक्षीसपत्राने दिले असेल आणि देखभाल होत नसेल, तर ते रद्द करून मागण्याची सोय कलम 23 मध्ये आहे. बक्षीसपत्र अजून केले नसेल तर ती अट त्यात लिहून घ्या.

भाषेची अडचण

राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो, म्हणजे मराठीतही. पण उत्तर लवकर हवे असेल तर अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या. प्लंबरला फोनवर "नल्ली सोरुत्तिदे" म्हटले की नळ गळतो आहे हे कळते. छतासाठी "चावणी सोरुत्तिदे" आणि कौलासाठी "हेंचु" हा शब्द पुरतो.

कोणत्या कार्यालयात जायचे हेच कळत नसेल, किंवा घरात एकटे असाल, तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते. फोन करताना घराचा पत्ता, जवळची खूण आणि मीटरचा आकडा लिहिलेला कागद समोर ठेवा.