घर राखण्याचा हक्क कुठवर?

इंग्लंडमधील खेडे म्हटले की शांत, निर्धोक वस्तीचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. शहरांच्या तुलनेत तेथे गुन्ह्यांचे प्रमाण कमी असते, हे खरे. मात्र विखुरलेली घरे आणि दूरवरचे पोलिस ठाणे यांमुळे संकटकाळी मदत पोहोचण्यास विलंब होतो. अशा वेळी घरमालकाने काय करावे, हा प्रश्न नॉरफोकमधील एमनेथ हंगेट या खेड्यातील घटनेने ऐरणीवर आणला.

२० ऑगस्ट १९९९ च्या रात्री शेतकरी टोनी मार्टिन यांच्या एकाकी घरात दोन चोर शिरले. मार्टिन यांनी विनापरवाना बंदुकीतून गोळीबार केला. पाठीत गोळी लागून १६ वर्षांचा मुलगा ठार, तर त्याचा साथीदार जखमी झाला. आधीच्या चोऱ्यांची पोलिसांनी दखल घेतली नाही, अशी मार्टिन यांची तक्रार होती. तरीही २००० मध्ये त्यांना खुनाबद्दल जन्मठेप झाली. २००१ मध्ये अपील न्यायालयाने त्यांची मानसिक अवस्था लक्षात घेऊन तो गुन्हा सदोष मनुष्यवधाचा ठरवला. २००३ मध्ये त्यांची सुटका झाली.

या प्रकरणावरील वाद पुढेही धुमसत राहिला. २०१३ मध्ये इंग्लंड व वेल्समधील कायद्यात सुधारणा झाली. घरात घुसलेल्यापासून स्वसंरक्षण करताना भीतीच्या भरात प्रमाणाबाहेर बळ वापरले गेले, तरी परिस्थिती पाहून ते वाजवी ठरू शकते. परंतु उघड अतिरेकाला मुभा नाही. सूड म्हणून केलेला हल्लाही स्वसंरक्षण ठरत नाही.