दुखतात सांधे, मग फोटो छातीचा का?

आमवाताची बाई डॉक्टरांसमोर बसली की आधी हात पुढे करते. सुजलेली बोटं, सकाळी तासभर न मिटणारी मूठ. फुप्फुसाचं कुणाच्या मनातही येत नाही. खरं तर आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात, हा नुसता सांध्यांचा आजार नव्हेच. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच अंगावर उलटते आणि तडाखा फुप्फुसालाही बसतो. एलमन आणि बॉल या डॉक्टरांनी १९४८ सालीच हे लिहून ठेवलंय. दहा रुग्णांत साधारण एकाचं फुप्फुस त्रास होण्याइतकं कडक होतं. आणि आमवात पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट होतो, तेव्हा विषय आपलाच.

माझ्या मोठ्या जाऊबाई बुलढाणा जिल्ह्यात, चिखलीजवळ राहतात. बारा वर्षांचा आमवात. कोरडा खोकला लागला तेव्हा घरच्यांनी आधी कापसाच्या धुळीला दोष दिला, मग चुलीला. दम लागत असेलही, पण गुडघ्यांमुळे त्या फारशा चालतच नव्हत्या, कळणार कसं? हा आजार फसवतो तो इथेच. छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ! पुढे अकोल्याच्या डॉक्टरांनी पाठीला नळी लावली. पर्सची चिकटपट्टी सोडवताना येतो तसा चर्र आवाज. त्यांनी सीटी स्कॅन लिहून दिला. जाऊबाई म्हणाल्या, "दुखतात माहे सांधे, अन् फोटो छातीचा काहून?"

एक्स-रेत सगळ्या सावल्या एकावर एक पडतात, सुरुवातीची जाळी त्यात लपते. एचआरसीटीत फुप्फुसाचे मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे काप दिसतात. सुई नाही, रंग नाही. श्वास भरून रोखायचा. कधी पालथंही झोपवतात. उताणं झोपल्यावर पाठीकडचा भाग दबून खोटी सावली पडते, ती पालथं होताच जाते. खरा व्रण जागचा हलत नाही. जाऊबाईंना पालथं होणंच जड गेलं, खांदे वळेनात. खालच्या भागात बारीक जाळी निघाली. मधाच्या पोळ्यासारखी भोकं अजून नव्हती, म्हणजे वेळेत सापडलं.

अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात धोका जास्त असलेल्यांसाठी एचआरसीटी आणि फुंकण्याची तपासणी सुचवली. या कामी नुसत्या एक्स-रेवर विसंबू नका, असंही सांगितलं. वाढतं वय, विडी-तंबाखूचा धूर, रक्तातली अँटी-सीसीपी फार वाढलेली, हा तो धोका. आपल्याकडे छातीत डाग दिसला की टीबीची शंका येते. ती तपासावीच, कारण आमवाताच्या काही औषधांनी दबलेला टीबी उसळतो. पण टीबी नाही निघाला तर "मग हे काय आहे?" हे विचारायला लाजू नका. आणि घाबरून मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अचानक दम वाढला, ताप आला, तर मात्र लगेच डॉक्टरांना गाठा.

सीटीचे किरण एक्स-रेपेक्षा बरेच जास्त, म्हणून तो उगाच पुन्हा पुन्हा काढायचा नसतो. मधल्या काळात फुंकण्याची तपासणी कामाला येते. जुनी फिल्म तेवढी जपा, पुढच्या वेळी तुलनेला तीच लागते. जाऊबाईंची लोखंडी कपाटात साड्यांखाली सपाट ठेवलीय.