पायांनी वाचायची चित्रं

नाझ्काची चित्रं फक्त विमानातून दिसतात, म्हणजे ती आकाशातल्या कुणासाठी तरी काढलेली असणार, हे वाक्य आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे वाचलेलं असतं. त्यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे आणि दुसरा भाग म्हणजे त्या अर्ध्या सत्यावर चढवलेला इमला. तरीही गेली साठेक वर्षं हे वाक्य जगभर फिरतं आहे, आणि ज्यांनी ही चित्रं काढली ती माणसं त्याखाली झाकून गेली आहेत.

पेरूच्या लिमा या राजधानीपासून दक्षिणेला चारशे किलोमीटरच्या आसपास पाल्पा आणि नाझ्का ही दोन गावं आहेत. एका बाजूला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूला अँडीज पर्वत आणि मध्ये कोरडं ठाक पठार. तिथले लोक त्याला पाम्पा म्हणतात. समुद्रातल्या थंड हंबोल्ट प्रवाहामुळे या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाही. या पठारावर सुमारे ४५० चौरस किलोमीटरमध्ये सरळ रेषा, लांबुळके समलंब चौकोन, सर्पिलं आणि प्राणी-पक्ष्यांची चित्रं पसरलेली आहेत. माकड ९० मीटरच्या वर लांब आहे, कोळी ४६ मीटरचा, कॉन्डॉर गिधाड सुमारे १३५ मीटरचं. सरळ रेषांपैकी काही तर टेकाडं-ओघळ न जुमानता कित्येक किलोमीटर नाकासमोर जातात.

काढायची पद्धत मात्र अगदी साधी. पठाराच्या पृष्ठभागावर लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडमुळे काळपट तांबूस झालेल्या दगडगोट्यांचा थर आहे आणि त्याखाली फिकट, पिवळसर माती. वरचे दगड उचलून बाजूला रचले की दहा-पंधरा सेंटिमीटर खोलीची उजळ रेषा उमटते. आपण रांगोळीत जमिनीवर काहीतरी घालतो. इथे जमिनीवरचं काढून घेतलेलं आहे. पाऊस नाही, गवत उगवत नाही आणि तापलेल्या दगडांवरची गरम हवा वाऱ्याचा जोर जमिनीला फारसा भिडू देत नाही. त्यामुळे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी केलेला हा उद्योग आजही दिसतो.

आधुनिक अभ्यासकांपैकी या रेषांची पहिली गंभीर नोंद पेरूच्याच तोरिबिओ मेहिया हेस्पे या पुरातत्त्वज्ञाने १९२७च्या सुमारास केली, तीही आसपासच्या टेकड्यांवर चढून. त्याला त्या पवित्र वाटा वाटल्या. त्याचं म्हणणं त्या वेळी फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग या भागावरून विमानं उडू लागली आणि प्रश्नाचं रूपच पालटलं. १९४१च्या २२ जूनला अमेरिकी इतिहासकार पॉल कोसोक एका रेषेच्या टोकाशी उभा असताना सूर्य नेमका त्या रेषेवर मावळला. दक्षिण गोलार्धातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आगेमागेची ती संध्याकाळ होती. कोसोकने या पठाराला जगातला सर्वांत मोठा खगोलशास्त्राचा ग्रंथ ठरवून टाकलं.

तो ग्रंथ वाचायला आयुष्य दिलं ते मारिया राइख हिने. १९०३ साली ड्रेस्डेनमध्ये जन्मलेली ही गणिताची विद्यार्थिनी १९३२ साली कुस्कोमधल्या जर्मन वाणिज्यदूताच्या मुलांना शिकवायला पेरूत आली. पुढे लिमामध्ये भाषांतरं करून पोट भरत असताना तिची कोसोकशी गाठ पडली आणि १९४०च्या दशकात ती पाम्पावर येऊन राहिली. वाळवंटाच्या कडेला एक साधी खोली, मोजपट्टी, शिडी आणि झाडू, एवढा तिचा संसार. रेषांवर साचलेली धूळ ती स्वतः झाडायची. गावातल्या लोकांना आधी ती वेडी वाटली, मग त्यांनाच तिचा अभिमान वाटू लागला. पेरूच्या हवाई दलाच्या मागे लागून तिने आकाशातून छायाचित्रं घेतली. पुस्तकांतून मिळालेला पैसा राखणदारांच्या पगारावर खर्च केला, आणि १९७६ साली महामार्गाच्या कडेला एक लोखंडी मनोरा उभारून घेतला. रेषा पाहायच्या तर लोकांनी मनोऱ्यावर चढावं, रेषांवर गाड्या घालू नयेत, हा त्यामागचा हिशेब. त्याच महामार्गाने त्याआधी एका भल्यामोठ्या सरड्याच्या चित्राचे दोन तुकडे केले होते. रस्ता आखणाऱ्यांना तिथे सरडा आहे हे ठाऊकच नव्हतं. राइखबाई १९९८ साली वारल्या. शेवटच्या वर्षांत त्यांना दिसत नव्हतं आणि कंपवाताने हातही थरथरत होते.

त्यांचा खगोलीय सिद्धान्त मात्र टिकला नाही, हे त्यांच्याबद्दलचा सगळा आदर राखून लिहायला हवं. माकडाच्या चित्रात त्यांना सप्तर्षींचा तारकासमूह दिसायचा. १९६८ साली जेराल्ड हॉकिन्सने रेषांच्या दिशा संगणकात घातल्या. स्टोनहेंजचं खगोलीय गणित मांडून गाजलेला हाच तो शास्त्रज्ञ. म्हणजे तारे सापडले असते तर सर्वांत जास्त आनंद त्यालाच झाला असता. त्याला निकाल मिळाला तो असा की सूर्य-चंद्र-ताऱ्यांशी जुळणाऱ्या रेषा केवळ योगायोगाने जुळाव्यात तितक्याच आहेत. रेषा शेकडो असल्या आणि आकाशात तारे हजारो असले, की काही ना काही कशाला तरी जुळणारच.

त्याच १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेनचं पहिलं पुस्तक जर्मनीत निघालं आणि नाझ्काची पठारं परग्रहवासीयांच्या धावपट्ट्या झाल्या. मराठीतही हे सगळं हौसेने वाचलं गेलं. कल्पना रंजक होती, यात वाद नाही. पण ताऱ्यांमधली अंतरं कापणाऱ्या यानाला उतरायला धावपट्टी लागते ही समजूत विसाव्या शतकातल्या विमानतळावरून उचललेली आहे. शिवाय जमीन भुसभुशीत. पाहुणे चिखलात रुतावेत तसे तिथेच अडकले असते, असं राइखबाई गमतीने म्हणत. मला या सिद्धान्तातली खरी खोट वेगळीच वाटते. युरोपातलं एखादं प्राचीन देवालय पाहून ते परग्रहावरच्यांनी बांधलं असं म्हणायचा मोह सहसा कुणाला होत नाही. पेरू, मेक्सिको, इजिप्त इथेच तो होतो.

उलट्या टोकाचे प्रयोगही झाले. १९७५ साली जिम वुडमन आणि ज्युलियन नॉट यांनी प्राचीन पेरूत मिळू शकलं असतं अशाच कापडाचा आणि गवताच्या टोपलीचा गरम हवेचा फुगा बनवून नाझ्कावर उडवला. तो उडाला, काही मिनिटं. त्यातून फुगा बनवता आला असता एवढंच सिद्ध होतं. तो बनवला होता याचा पुरावा कुठेच नाही. त्यापेक्षा जो निकेल याने १९८२ साली अमेरिकेतल्या केंटकीत केलेला प्रयोग मला मोलाचा वाटतो. घरातल्याच काही माणसांना हाताशी धरून त्याने लाकडी खुंट्या आणि दोरी एवढ्यावर नाझ्काचं कॉन्डॉर मूळ मापात, म्हणजे ४४० फुटांचं, एका शेतात उतरवलं. विमानातून काढलेल्या छायाचित्रात ते नेटकं दिसलं. आखताना वरून पाहणारं कुणीही नव्हतं. नाझ्काच्या रेषांच्या टोकांशीही लाकडी खुंट्यांचे अवशेष मिळाले आहेत आणि रेषांवर फुटलेली खापरं. खापरांवरची रंगीत नक्षी नाझ्का संस्कृतीची, साधारण इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या सातव्या शतकापर्यंतची. त्या मातीच्या भांड्यांवर तेच पक्षी आहेत, तोच देवमासा. कुणी काढलं, कधी काढलं, कसं काढलं, या तीन प्रश्नांची उत्तरं अशी भांड्यावर रंगवलेलीच आहेत.

उरतो तो चौथा प्रश्न, कशासाठी. त्याचं उत्तर शोधायला अभ्यासकांना विमानातून खाली उतरून चालावं लागलं.

अँथनी अ‍ॅव्हेनी आणि गॅरी अर्टन यांनी १९८०च्या दशकात सरळ रेषा पायी तुडवल्या. पठारावर विस्कटलेल्या वाटणाऱ्या या रेषा साठेक ठरावीक बिंदूंपासून किरणांसारख्या फुटतात, आणि ते बिंदू बहुतेक वेळा टेकडीच्या टोकाला किंवा पाण्याच्या ओघळाजवळ असतात. क्लाइव्ह रगल्स आणि निकोलस सॉन्डर्स यांनी २०१२ साली एका विलक्षण आकृतीचं वर्णन प्रसिद्ध केलं. सुमारे साडेचार किलोमीटरची एकच वाट वळसे घेत जाते, मध्यभागी पोचते आणि सुरुवातीच्या ठिकाणाजवळ परत येते. फाटा कुठेच नाही. ती वाट एकामागून एक चालणाऱ्यांसाठीच आहे. चालल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. माकडाचं, हमिंगबर्डचं चित्रही पाहा: रेषा एका बाजूने आत शिरते, स्वतःला न छेदता सगळं शरीर फिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. एवढं प्रचंड चित्र काढणाऱ्याला ते पुरतं दिसलंच पाहिजे असं आपण गृहीत धरतो. त्याच्या अंगावरून चालणाऱ्या माणसाला मात्र पुढचं पाऊल दिसलं की पुरे.

मार्कुस राइन्डेल आणि जॉनी इस्ला यांनी १९९७पासून पाल्पाच्या बाजूला उत्खनन केलं. समलंब चौकोनांच्या टोकांशी दगडी चौथरे निघाले, त्यांवर मक्याचे आणि भांड्यांचे नैवेद्य, आणि स्पॉन्डिलस या काटेरी शिंपल्याचे तुकडे. हा शिंपला तिकडच्या थंड समुद्रात होत नाही. तो इक्वेडोरकडच्या उबदार पाण्यातला, आणि अँडीजमध्ये पावसाचं चिन्ह मानला जाणारा. जोहान राइनहार्डने डोंगर आणि पाणी यांच्या उपासनेशी रेषांचा संबंध जोडला तो यामुळेच पटतो. नाझ्काच्या नद्या वर्षातले बरेच महिने कोरड्या असतात. पाणी येतं ते दूरच्या डोंगरांतून. माणसांनी त्यासाठी प्रार्थनाही केली आणि जमिनीखालून कालवेही खणले. या कालव्यांना पुकिओ म्हणतात. त्यांची दगडांनी बांधलेली, चक्राकार उतरणारी तोंडं कान्तायोक इथे पाहता येतात, आणि त्यांतलं पाणी आजही शेतीला जातं.

जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या मासातो साकाई यांच्या गटाने या कोड्याला अलीकडे चांगली कलाटणी दिली. हवाई छायाचित्रं त्यांनी आयबीएमच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला चाळायला दिली, मग संशयित जागांवर माणसं पायी पाठवली. सहा महिन्यांच्या पाहणीत ३०३ नवी चित्रं सापडली, असं त्यांनी २०२४मध्ये प्रसिद्ध केलं. तोवर माहीत असलेली सगळी मिळून ४३०. नवी बहुतेक लहान, सरासरी नऊ मीटरची, दगड रचून उठाव दिलेली. त्यांत माणसं, कापलेली मुंडकी, पाळीव लामा. ती नागमोडी पायवाटांच्या कडेला, जाता-येता दिसतील अशी आहेत. रेषांची मोठी चित्रं मात्र प्रामुख्याने रानटी प्राण्यांची आणि सरळ रेषांच्या जाळ्याशी जोडलेली. साकाईंच्या मते लहान चित्रं एकेकट्याने किंवा चार जणांनी पाहण्याची, मोठी सगळ्या समाजाच्या विधीची. हे वर्गीकरण शंभर टक्के चोख ठरेल असं नाही, पण विमानात बसून ते कुणाला सुचलं नसतं.

आपल्याकडे कोकणच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती तसाच जमिनीवर आडवा, अठराएक मीटर लांब. दोन्हींमध्ये नातं मुळीच नाही: तिथे दगड बाजूला केलेत, इथे जांभा कोरलाय, आणि काळही वेगळा. सारखी आहे ती अडचण. सड्यावर उघड्या पडलेल्या चित्राला भिंत नसते, छप्पर नसतं, आणि बऱ्याचदा मालकीचा कागद दुसऱ्याच कुणाच्या नावावर असतो.

नाझ्काला १९९४मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यानंतर २०१४ साली लिमातल्या हवामान परिषदेच्या वेळी ग्रीनपीसचे कार्यकर्ते घोषणेची अक्षरं अंथरायला हमिंगबर्डच्या शेजारी गेले आणि पावलांचे ठसे ठेवून आले. पर्यावरणाच्या नावाखाली हे व्हावं, हे विशेष. २०१८मध्ये एका ट्रकचालकाने महामार्ग सोडून पाम्पावर गाडी घातली. तीन रेषांवर चाकं उमटली. अशा जमिनीवर एक चुकीचं पाऊल दशकानुदशकं राहतं, कारण ते पुसायला पाऊस येत नाही.

मोठा धोका कागदावरचा आहे. मे २०२५मध्ये पेरू सरकारने नाझ्काचं राखीव क्षेत्र सुमारे ५,६०० चौरस किलोमीटरवरून ३,२०० वर आणलं. त्या भागात परवान्याविना चालणाऱ्या सोन्याच्या खाणी आहेत, आणि हद्द आखडली की त्यांना मोकळं रान मिळणार, हे पुरातत्त्वज्ञांनी लगेच ओळखलं. ओरड झाली आणि जूनमध्येच निर्णय मागे घेतला गेला. जुनी हद्द पुन्हा लागू झाली. खाणी मात्र तिथेच आहेत.