खाटेखालची कोंबडी खोपीत न्या



वस्तीत घरभेटीला गेलो की आम्हाला हे हमखास दिसते. रात्री कोंबड्या खाटेखाली डालग्यात झाकलेल्या आणि सकाळी त्याच जमिनीवर रांगणारे बाळ. विष्ठेतले जंतू हातावाटे तोंडात जातात. हगवण लागते. आई म्हणते, "दात येताहेत."

कोंबड्या विकू नका, त्यांची जागा बदला. गॅस आल्यापासून परसातली सरपणाची खोपी अडगळीने भरलेली असते. ती रिकामी करा, चुना मारा. वरच्या बाजूला अर्धा इंची जाळी लावा. हवा खेळेल, उंदीर-मुंगूस शिरणार नाही. कोंबडीमागे किमान 2 चौरस फूट जागा धरा. खाली भाताचे तूस पसरा, ओले झाले की बदला. बसायला आडवी दांडी, अंड्यांसाठी पेंढा घातलेली टोपली ठेवा. मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्या.

झाडताना तोंडाला फडके बांधा, नंतर साबणाने हात धुवा. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, हे विसरू नका. एकदम अनेक कोंबड्या मेल्या तर त्यांना हात लावू नका, खाऊ नका, दवाखान्याला कळवा.

एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात. बाजारात नेण्याआधी एक अंडे पूर्ण उकडून घरातल्या गरोदर बाईला, वयात येणाऱ्या मुलीला द्या. सगळ्यांच्या मागून जेवणारी तीच असते. समता आपल्या ताटापासून सुरू होऊ द्या.