स्ट्रेस थॅलियम : ‘किती टक्के?’ हा प्रश्नच इथे चुकतो

सोलापुरात सात रस्त्यावरून हार्टच्या डॉक्टरांची स्ट्रेस थॅलियमची चिठ्ठी घेऊन घरी आलेल्या माणसाला नातेवाइकांकडून दोन सल्ले हमखास मिळतात. ‘ते रेडिएशन अंगात घेऊ नका’ हा एक. ‘त्यापेक्षा सरळ अँजिओग्राफी करा, ब्लॉकेज किती टक्के ते कळून जाईल’ हा दुसरा. सल्ले मायेचेच, पण दोन्हींमध्ये गफलत आहे.

आधी दुसरा घेऊ. ही तपासणी रक्तवाहिनीचं चित्र काढत नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरेसं पोचतं का, एवढंच ती पाहते, आणि तेही कामाचा ताण असताना. सोलापूरकरांना हे पाण्यावरून चटकन कळेल. गल्लीत एकाच घरी नळ सुरू असेल तर गंजून अरुंद झालेल्या पाइपलाही धार बरी असते. सगळ्यांनी मोटारी लावल्या की खरं काय ते दिसतं. म्हणून रुग्णाला ट्रेडमिलवर चालवतात, ठोके पुरेसे वाढले की शिरेतून किरणोत्सारी औषध देतात आणि नंतर गॅमा कॅमेऱ्याखाली फोटो घेतात. विश्रांतीतले फोटो वेगळे काढतात. ताणात फिका पडलेला भाग विश्रांतीत भरून आला, तर तिथला स्नायू जिवंत आहे पण ताणात उपाशी राहतो. दोन्ही वेळी फिकाच राहिला, तर बहुधा जुन्या झटक्याचा व्रण.

त्यामुळे ‘नॉर्मल आलं, म्हणजे नळ्या स्वच्छ’ हेही खरं नाही. प्रवाह न अडवणारे थर या तपासणीत दिसत नाहीत, आणि झटका कधीकधी असाच छोटा थर फुटून येतो. शिवाय फोटोंची तुलना एका भागाची दुसऱ्याशी होते. तिन्ही मुख्य वाहिन्या सारख्याच अरुंद असतील तर चित्र फसवू शकतं. तरीही नॉर्मल रिपोर्ट बहुतेकांसाठी दिलासाच असतो. मात्र बीपी, साखर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आणि सुटलेली तंबाखू यांना त्यामुळे सुट्टी मिळत नाही.

आता रेडिएशन. नाव थॅलियमचं रुळलं असलं तरी आज बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम-९९एम वापरतात. त्याची किरणोत्सारिता दर सहा तासांनी निम्मी होते. चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरतो, शिवाय लघवी-शौचावाटेही ते बाहेर पडतं. दोन्ही टप्पे धरून मात्रा साधारण १० मिलिसिव्हर्टच्या आसपास, म्हणजे निसर्गातून माणसाला सरासरी चार वर्षांत मिळते तेवढी. ती शून्य नाही, म्हणून कारण नसताना, हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ‘होऊन जाऊ दे’ म्हणून ही तपासणी करणं मला पटत नाही. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आधी सांगायलाच हवं. बाकी हे तंत्र आपल्याकडे नवखं नाही: मुंबईत परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे.

‘गुडघे दुखतात, मी चालू शकत नाही’ म्हणून तपासणी टळत नाही. अ‍ॅडेनोसिनसारख्या औषधाने रक्तवाहिन्या रुंदावून तीच पारख करता येते. दम्याचा त्रास असेल तर मात्र आधी सांगा. आणि चहा! कॅफीन या औषधाचा परिणाम मारतं, म्हणून केंद्राने सांगितलेले तास (अनेक ठिकाणी चोवीस) चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. ‘अर्धा कपच घेतला’ हे सांगायला लाजू नका. लपवलं तर रिपोर्ट खोटा धीर देऊ शकतो. नेहमीच्या गोळ्या बंद करायच्या का, हे डॉक्टर ठरवतील.

रिपोर्टमध्ये दोष दिसला म्हणजे लगेच स्टेंट, असंही नाही. ‘इस्केमिया’ नावाच्या चाचणीत ३७ देशांतल्या ५,१७९ स्थिर रुग्णांचा अभ्यास झाला. निकाल २०२० मध्ये छापून आले. ताण-तपासणीत मध्यम ते गंभीर दोष असूनही सुरुवातीलाच अँजिओग्राफी आणि स्टेंट वा बायपासकडे गेलेल्यांमध्ये, आधी औषधांवर ठेवलेल्यांपेक्षा मृत्यू किंवा झटके लक्षणीय कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र त्यांचं जास्त कमी झालं. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदय फार कमकुवत झालेले रुग्ण त्यात नव्हते, हेही लक्षात ठेवावं.

आणि हे सगळं स्थिर रुग्णासाठी. छातीत आत्ता दाब आहे, घाम सुटलाय, तर अपॉइंटमेंट घेत बसू नका. १०८ ला फोन करून जवळच्या इमर्जन्सीत जा. तिथे आधी ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्तचाचणी होईल.