बी की पान?

नांदेडहून लातूरला गेलो, की चाचींचे गुडघे आधी बोलायला लागतात. परवा त्यांनी एक बाटली पुढं केली. ‘नातवानं मागवली. भांगेचं तेल, दुखणं जातं म्हणे.’ मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. तेल बियांचं होतं.

मंडळी, घोळ होतो तो इथंच. सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल. ते झाडाच्या पानाफुलांत असतं, बियांत जवळजवळ नसतंच. बियांचं तेल हे अन्न आहे. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये त्याला तशी मान्यताही दिली. करडईच्या तेलासारखं चटणीवर घ्यावं, गुडघ्यांची आशा धरू नये.

पानांचा अर्क मात्र औषध. आयुर्वेदात त्याचं नाव ‘विजया’. त्यात नशा आणणारा टीएचसी हा घटकही असू शकतो, म्हणून तो वैद्यांच्या चिठ्ठीनंच घ्यावा. मलम बहुतांशी कातडीपुरतं राहतं. पोटात घेतलेले थेंब रक्तात उतरतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या गोळीचा जोर सीबीडीनं वाढू शकतो, रक्तस्राव होऊ शकतो.

चाचींना तीच गोळी चालू आहे. बाटली बियांची निघाली, हेच बरं झालं.