जे दोघांनाही दिसले नाही

१५ नोव्हेंबर २०१४. रशियातल्या सोची शहरात मॅग्नस कार्लसन आणि विश्वनाथन आनंद बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव खेळत होते. गुण अडीच-अडीच असे बरोबरीत. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कार्लसनची बाजू वरचढ होती, आनंद चिवट बचाव करत होता. सव्विसाव्या चालीला कार्लसनने राजा डी२ घरात नेला आणि ती चक्क घोडचूक होती. संगणक उघडून डाव पाहणाऱ्यांना ते लगेच कळले. पडद्यावरचे मूल्यांकन एकदम काळ्याकडे झुकले. कार्लसनला ते कळले, पण चाल करून झाल्यावर. आनंदने जेमतेम मिनिटभर विचार केला, ए-स्तंभातले प्यादे एक घर पुढे सरकवले आणि मग त्यालाही कळले की हातातली संधी गेली.

ती संधी काय होती, ते पटावर मोहरी मांडून पाहण्यासारखे आहे. काळा घोडा जी६ वर होता. त्याने ई५ वरचे पांढरे प्यादे मारायचे. घोडा हलताच जी-स्तंभ मोकळा होतो आणि जी८ वरचा काळा हत्ती जी४ वरच्या पांढऱ्या हत्तीला भिडतो. पांढरा अर्थातच जी८ वरचा हत्ती मारणार. इथे कोणाचाही हात आपसूक उलट मारायला जाईल, पण काळ्याने थांबायचे आणि आधी घोड्याने सी४ वरचे प्यादे उचलायचे. डी२ वर राजा असल्यामुळे हा शह आहे. राजा डी३ वर सरकून घोड्यावर चाल करून येतो, तर घोडा बी२ वर उडी मारून पुन्हा शह देतो. राजा पुन्हा हलला की मग निवांतपणे दुसऱ्या हत्तीने जी८ वर परतफेड. हत्तीला हत्ती आणि वर दोन प्यादी. सगळी गंमत त्या मधल्या शहात आहे. पांढरा राजा डी२ वर नसता तर तो शह नसता, आणि शह नसता तर हिशेब जमला नसता.

क्लबात नियमित खेळणाऱ्या एखाद्या चांगल्या खेळाडूला ही स्थिती ‘काळ्याची चाल, काळा जिंकतो’ असे सांगून दिली, तर तो ती सोडवील. मग पाच वेळा जगज्जेता झालेल्या आनंदला का दिसली नाही? माझ्या मते उत्तर त्या सूचनेतच आहे. कोडे समोर येते तेव्हा ‘इथे काहीतरी आहे’ ही सर्वांत मोलाची माहिती फुकट मिळालेली असते. खऱ्या डावात ती देणारे कोणी नसते. उलट समोर कार्लसन बसलेला असतो आणि त्याने शांतपणे केलेली चाल सांगते की इथे काही नाही. आपल्याला अशा भेटीची अपेक्षाच नव्हती, अशा अर्थाचे काहीसे आनंद डावानंतर बोलला होता. त्याला मी सबब मानत नाही. मानसशास्त्राने मोजून दाखवलेली ही गोष्ट आहे.

१९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून ती आठवणीने मांडायला सांगितली, तर निष्णात खेळाडू नवशिक्यांपेक्षा कितीतरी सरस ठरले. मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली, तेव्हा तो फरक जवळपास नाहीसा झाला. याचा अर्थ निष्णात खेळाडू सुटी मोहरी पाहत नाही, ओळखीचे गट पाहतो. त्या गटांबरोबर त्याला पुढच्या चालीही सुचतात. म्हणून तो वेगाने आणि अचूक खेळतो.

हीच ताकद कधी आडवी कशी येते, हे २००८ मध्ये मेरिम बिलालिच, पीटर मॅकलिऑड आणि फर्नांड गोबे यांनी दाखवले. त्यांनी मजबूत खेळाडूंना अशी स्थिती दिली, जिच्यात एक प्रसिद्ध मात होती: आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोडा देतो ती. त्याच पटावर तिच्याहून कमी चालींची, पण कमी परिचित अशी दुसरी मातही होती. परिचित मात अनेकांना चटकन सापडली, छोटी सापडली नाही. आम्ही दुसरा मार्ग शोधतोय, असे ते सांगत होते, पण डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्रात त्यांची नजर पुन्हा पुन्हा पहिल्या मातीच्या घरांकडेच जाताना दिसली. स्थितीत किंचित बदल करून परिचित मात बंद केल्यावर मात्र त्याच दर्जाच्या खेळाडूंना छोटी मात सापडली. पहिले खेळाडू खोटे बोलत नव्हते. नजर कुठे जाते आहे, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

संगणकाला हा अडसर नाही. ई५ वरचा घोडा ही चाल त्याच्यासाठी इतर चालींसारखीच एक. समोरचा कोण आहे आणि अर्ध्या तासापूर्वी आपण कोणता बेत आखला होता, यांच्याशी त्याला कर्तव्य नसते. संगणकाच्या मूल्यांकनाचा आकडा पाहत डावाची समीक्षा करणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवायला हवा.

अशीच एक घोडचूक दहा वर्षांनी घडली. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये डिंग लिरेन आणि गुकेश यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा, शेवटचा डाव बरोबरीकडे चालला होता. गुकेशकडे एक प्यादे जास्त होते, पण तेवढ्याने जिंकता येणार नव्हते. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला, हत्तींची मारामारी झाली की डाव आणखी सोपा होईल म्हणून. पण त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरकी ओळ असते. हत्ती गेल्यावर गुकेशने राजाच्या आधाराने आपला उंट त्या ओळीवर, डी५ ला ठेवला. आता उंटही पटावरून जाणार आणि मागे उरणार राजा-प्याद्यांचा जिंकलेला डाव. गुकेशलाही हे लगेच दिसले नव्हते. तो हत्ती बी३ वर नेण्याच्या बेतात होता, असे त्यानेच नंतर सांगितले. हात पुढे जाण्याआधी त्याने पुन्हा पाहिले. अठ्ठावन्न चालींत डाव संपला आणि अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला.

माजी जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक याने त्या चुकीला बालिश ठरवले. मला हा शब्द पटत नाही, आणि त्याच्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा क्रामनिकच्याच डावात आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये, जगज्जेता असताना, बॉन येथे डीप फ्रिट्झ या संगणक-प्रोग्रामविरुद्ध त्याने वजीर ई३ वर नेला आणि पुढच्याच चालीला एच७ वर मात झाली. एका चालीतली मात. एच७ वर येणाऱ्या वजिराच्या पाठीशी बहुधा डी३ च्या बाजूचा उंट किंवा जी५ वरचा घोडा असतो. हे चित्र प्रत्येक खेळाडूच्या डोक्यात पक्के असते. त्या दिवशी आधार देणारा घोडा एफ८ वर, शत्रूच्या अगदी शेवटच्या ओळीत उभा होता.